दुरुस्ती नको, नक्कल हवी

हार्डडिस्क कुरकुरायला लागली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : चेकडिस्क मारून बघा, ठीक होईल. दुकानातला तंत्रज्ञ तो देतो, ऑफिसात संगणकातलं जरा कळणारा सहकारी देतो, नात्यातला इंजिनिअर झालेला मुलगा फोनवरून देतो. खुद्द विंडोजसुद्धा ‘या ड्राइव्हमध्ये चुका सापडल्या आहेत, दुरुस्त करू का’ असं विचारत पुढे येतं. एवढ्या तोंडून एकच गोष्ट ऐकल्यावर घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणणारच. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. तो निरुपयोगी असता तर मी हा लेख लिहिला नसता. तो घातक आहे. जो डेटा एका दिवसात सुखरूप दुसऱ्या डिस्कवर आला असता, तो या सल्ल्यापायी कायमचा जातो. वर सल्ला देणाऱ्याला आपण काय केलं हे कळतही नाही, कारण डिस्क मुळात खराब होतीच, तेव्हा खापर तिच्यावर फुटतं.

सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडतो. चेकडिस्क मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, विंडोजमध्ये आयतं आहे. ते चालवल्यावर बंद पडलेला संगणक पुष्कळदा खरोखर सुरू होतो. मग आक्षेप कशाला? आक्षेप असा की संगणक सुरू होणं आणि तुमच्या फाइली वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेकडिस्क पहिलीसाठी बनलेलं आहे. दुसरीची जबाबदारी त्याच्यावर कुणी टाकलेलीच नाही.

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते : तिचं नाव, आकार, तारीख, आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे कुठे आहेत ते. चेकडिस्क या नोंदींचा मेळ घालतं. फोल्डरमध्ये नाव दिसतंय पण तक्त्यातली नोंद लागत नाही, तर ते नाव काढून टाकतं. तुकडा सापडला पण तो कुणाचा ते कळेना, तर ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नुसता क्रमांक देऊन ठेवतं. वीज गेल्यामुळे निरोगी डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या असतील तर हे काम उपकारकच आहे. खराब होत चाललेल्या डिस्कवर मात्र नोंद लागत नाही, ती चुकलेली असते म्हणून नव्हे, तर डिस्कच्या तबकडीवरचा मजकूर वाचणाऱ्या हेडला ती जागा त्या क्षणी वाचता येत नाही म्हणून. तीच जागा डिस्क थंड झाल्यावर किंवा दुसऱ्या यंत्रावर वाचली जाण्याची शक्यता चांगली असते. चेकडिस्कला हा फरक ओळखता येत नाही. वाचता न आलेल्या नोंदीला ते चूक समजतं, आणि चूक दुरुस्त करायची तर काहीतरी पुसावं लागतं, लिहावं लागतं. जी डिस्क धड वाचता येत नाही तिच्यावर लिहायला सुरुवात करणं, यालाच आपण दुरुस्ती म्हणतो आहोत.

‘बॅड सेक्टर रिपेअर’ हा प्रकार तर याहून वाईट. डिस्कवरचा मजकूर सेक्टरांमध्ये ठेवलेला असतो. जुन्या डिस्कमध्ये सेक्टर ५१२ बाइटचा असे, अलीकडच्या डिस्कमध्ये तो ४०९६ बाइटचा असतो. प्रत्येक सेक्टरबरोबर चूक पकडून सुधारण्यापुरता जादा मजकूर असतो, त्यामुळे वाचताना थोडंबहुत चुकलं तर डिस्क ते मनातल्या मनात सुधारून घेते. चूक त्यापलीकडे गेली की ती पुन्हा पुन्हा वाचून बघते, शेवटी हात टेकते आणि त्या सेक्टरची ‘पेंडिंग’ म्हणून नोंद करते. पेंडिंग म्हणजे सोडून दिलेला नव्हे. पुढे कधी तो वाचता आला तर डिस्क त्यातला मजकूर देईल. पण मध्येच त्या सेक्टरवर कुणी नवं काही लिहिलं की तो हिशेब बंद होतो. जागा चांगली निघाली तर नवा मजकूर तिथेच बसतो, वाईट निघाली तर डिस्क तिच्याऐवजी राखीव जागेतला सेक्टर लावते. जुना मजकूर दोन्ही प्रकारे गेलेला असतो. मग दुकानदार स्क्रीन फिरवून दाखवतो : बघा, पेंडिंग शून्य, हेल्थ हिरवी. तो खोटं बोलत नसतो. डिस्क सुधारलेली असते, आणि तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो अर्धे राखाडी झालेले असतात. टॅलीची फाइल नावाने, आकाराने जागच्या जागी दिसते, पण उघडत नाही, कारण तिच्या पोटातले काही सेक्टर आता कोरे आहेत.

मग करायचं काय, तर नक्कल. संपूर्ण डिस्कची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, दुसऱ्या निरोगी डिस्कवर. मूळ डिस्कवर एक अक्षर न लिहिता. जी काही दुरुस्ती, शोधाशोध, प्रयोग करायचे ते त्या नकलेवर. जीर्ण पोथी हाती आली की जाणता माणूस सुटी पानं आधी उतरवून घेतो आणि चिकटलेली पानं शेवटी, सावकाश सोडवतो. इथेही क्रम तोच लागतो, आणि या कामासाठी लिहिलेलं उत्तम साधन वीसेक वर्षांपासून फुकट मिळतं आहे. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी २००४ मध्ये पुढे आणलेलं जीएनयू डीडीरेस्क्यू. ते आधी मोठमोठे तुकडे वेगाने वाचत जातं. कुठे अडखळलं की तिथे डोकं न फोडता ती जागा टाकून पुढे उडी मारतं. सोपा भाग पूर्ण हाती आल्यावरच ते सोडलेल्या जागांकडे परत येतं, त्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आणतं, आणि सर्वांत शेवटी एकेक सेक्टर वाचून बघतं. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा ते एका फाइलमध्ये लिहीत जातं. त्यामुळे मध्येच डिस्क काढून थंड होऊ दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली, तरी काम थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. मिळालेलं पुन्हा वाचावं लागत नाही.

‘एवढं कशाला? विंडोजमध्येच कॉपी-पेस्ट करून टाकू,’ असं म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशेब. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने वाचली तर पावणेतीन तासांत संपूर्ण वाचून होते. आता तिच्यात एक हजार सेक्टर खराब आहेत आणि प्रत्येकावर डिस्क १० सेकंद झटत बसते असं धरा. घरगुती वापराची डिस्क याहूनही जास्त वेळ झटू शकते. एक हजार गुणिले दहा, म्हणजे पुन्हा पावणेतीन तास. एक हजार सेक्टर म्हणजे फार तर चार मेगाबाइट, मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढा मजकूर. उरलेली सगळी डिस्क वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ मरायला टेकलेलं यंत्र एका फोटोवर घालवतं, आणि कॉपी-पेस्टमध्ये तो फोटो कुठे येईल हे आपल्या हातात नसतं. तो पहिल्याच फोल्डरमध्ये असेल तर डिस्क तिथेच जीव सोडेल आणि मागचा सगळा चांगला डेटा न वाचलेलाच राहील. डीडीरेस्क्यूने यात डिस्क बरी केलेली नसते. वाचनाचा क्रम बदललेला असतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

यावर उत्तर येतं की हे लिनक्सचं साधन आहे, काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप कराव्या लागतात, सामान्य माणसाला कसं जमायचं? सामान्य माणसाने ते करावंच असा माझा आग्रह नाही. उलट इथे एक खरी जोखीम आहे : मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची नावं आज्ञेत उलटसुलट झाली तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होईल आणि होत्याचं नव्हतं होईल. हात स्थिर नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. माझा आग्रह दुकानदारांकडे आहे. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानापर्यंत जो कुणी पाटीवर ‘डेटा रिकव्हरी’ लिहितो, त्याला पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करणं आणि दोन ओळींची आज्ञा बिनचूक देणं यायलाच हवं. मदरबोर्डची डागडुजी शिकलेल्या माणसाला हे अवघड नाही. शिकायचं नसेल तर पाटीवरचे ते दोन शब्द काढावेत.

‘आमच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने कित्येक डिस्क वाचवल्या आहेत,’ असाही दावा असतो. वाचवल्या असतील, शंका नाही. चुकून डिलीट झालेल्या फाइली, चुकून फॉरमॅट झालेलं पार्टिशन, हरवलेला डी ड्राइव्ह, या रोगांवर अशी सॉफ्टवेअर चांगली चालतात. टेस्टडिस्क आणि फोटोरेक तर फुकट आहेत आणि उत्तम आहेत. पण त्या सगळ्या प्रकरणांत डिस्क यंत्र म्हणून धडधाकट असते, बिघाड फक्त नोंदींचा असतो. जी डिस्क स्वतःच झिजते आहे तिच्यावर तेच सॉफ्टवेअर लावलं की ते आधी शोधासाठी सगळी डिस्क वाचतं, मग सापडलेल्या फाइली काढायला पुन्हा वाचतं. एकाने जमलं नाही म्हणून दुसरं लावलं की पुन्हा पहिल्यापासून. ज्या यंत्रात कदाचित एकाच फेरीचा जीव उरला आहे त्याला चार फेऱ्या मारायला लावायच्या आणि पाचव्या वेळी ‘डिस्क डिटेक्टच होत नाही’ म्हणून परत द्यायची. नकलेवर हीच सॉफ्टवेअर शंभर वेळा चालवा, काही बिघडत नाही.

मराठी माणसाचं यात एक खास नुकसान आहे, आणि त्याची चर्चा मी कुठे होताना पाहत नाही. नोंदींचा तक्ता हरवला की फोटोरेकसारखं साधन फाइल तिच्या आतल्या खुणांवरून ओळखतं. मजकूर मिळतो, नाव आणि फोल्डर मिळत नाही. इंग्रजी मजकूर असेल किंवा युनिकोडमधलं मराठी असेल तर निदान आतले शब्द शोधून हवी ती फाइल गाठता येते. पण आपल्याकडे छपाईचं, प्रकाशनाचं, दिवाळी अंकांचं कितीतरी वर्षांचं काम पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये झालेलं आहे. त्या फाइलींत ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द ‘ज्ञानेश्वर’ म्हणून साठवलेला नसतोच. तिथे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा वापरलेल्या असतात, आणि तो फॉन्ट लावला तरच त्यांचं मराठी दिसतं. नावाऐवजी नुसता क्रमांक असलेल्या असल्या हजारो फाइलींत लेखकाचं नाव टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. म्हणजे फाइलचं नाव आणि फोल्डर हाच आपला एकमेव धागा. ‘दिवाळी २००३ / कथा / अंतिम’ या रस्त्यावरूनच त्या कथेपर्यंत पोचता येतं. चेकडिस्क नेमका हा रस्ता उखडतं. एखाद्या छोट्या प्रकाशकाचा सगळा संग्रह त्या एका जुन्या डिस्कवर असतो, मूळ हस्तलिखितं कधीच रद्दीत गेलेली असतात, आणि तंत्रज्ञ म्हणतो, ‘नव्वद टक्के डेटा काढून दिला.’ आकाराने तो नव्वद टक्के असेलही.

घरगुती उपायांवर फार शब्द खर्च करत नाही. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती अजून फिरते आहे. जुन्या काळच्या काही डिस्कमध्ये हेड तबकडीला चिकटून बसत, गारठ्याने ते कधी सुटतही असत. आजच्या डिस्कला तो रोग सहसा होत नाही. फ्रीझरमधून काढलेल्या थंड तबकडीवर दमट हवेतली वाफ जमते, हा नवा रोग मात्र नक्की होतो, आणि मुंबई-कोकणच्या हवेत तर फारच लवकर. तसंच सर्किट बोर्ड बदलण्याचं. एके काळी त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून काम होत असे. आता त्या विशिष्ट डिस्कच्या हेडांची जुळणी बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते. ती चिप काढून नव्या बोर्डवर बसवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून बहुतेकदा उपयोग होत नाही, आणि या खटाटोपात मूळ बोर्डच हरवला तर खरा इलाज करणाऱ्याचेही हात बांधले जातात.

‘पण स्मार्टमध्ये सगळं ठीक दाखवतंय, मग डिस्क चांगलीच आहे,’ हा आणखी एक युक्तिवाद. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच स्वतःची ठेवलेली प्रकृतीची नोंदवही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये बिघाडाशी सर्वांत घट्ट जोडलेल्या चार नोंदींपैकी एकही उमटलेली नव्हती. याच अभ्यासात उलटी बाजूही दिसली : तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणून लाल दिसलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवा, हिरवं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. फोल्डर उघडायला मिनिट लागतंय, फाइल कॉपी होताना मध्येच गोठते आहे, मशीन उगाच हँग होतंय, एवढं पुरे आहे. डिस्क बंद करा.

आणि आवाज येत असेल, खट्... खट्... असा ठरावीक लयीत, तर डीडीरेस्क्यूसुद्धा नको. इथे मी माझ्याच बाजूच्या काही उत्साही लोकांशीही भांडतो, कारण नक्कल हा मंत्र मिळाल्यावर ते प्रत्येक डिस्कवर तोच चालवतात. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं आणि हवेतला धुळीचा साधा कण त्या अंतराच्या शेकडो, हजारो पट मोठा असतो. हेड मोडून तबकडीला टेकलं असेल तर प्रत्येक मिनिटाला ७२०० वेळा ते तीच जागा खरवडतं. चुंबकीय थर खरवडला गेला की तिथला मजकूर धूळ होऊन गेलेला असतो, जगातली कुठलीही प्रयोगशाळा तो परत आणू शकत नाही. म्हणूनच दुकानाच्या टेबलावर पंख्याखाली डिस्कचं झाकण उघडणाऱ्याकडून ती तत्काळ परत घ्यावी.

डिस्कच्या बाबतीत बाहेरून दिसणाऱ्या अवस्थेवर जाऊ नये याचा मोठा दाखला कोलंबिया यानाचा आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्या दुर्घटनेत गेले, तिच्या अवशेषांत झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची हार्डडिस्क सापडली. जळलेली, वितळलेली, ओळखू न येणारी. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर काढला. २००८ मध्ये त्यावरून प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. त्या तबकड्या आतून शाबूत होत्या, आणि प्रयोगशाळेत पोचण्याआधी कुणी ती डिस्क ‘चालू होतेय का बघू’ म्हणून वीज देऊन फिरवलेली नव्हती. आकाशातून पडलेली डिस्क वाचते, आणि टेबलावरून पडलेली डिस्क दहा वेळा चालू-बंद करून बघितल्याने जाते. २००८ च्या अखेरीस सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या डिस्क अचानक ‘मरू’ लागल्या तेव्हाही हेच दिसलं. बायोसमध्ये त्या दिसेनात, लोकांनी त्या गेल्या असं धरलं. दोष डिस्कच्या आतल्या फर्मवेअरमध्ये होता, तबकड्यांवरचा डेटा जसाच्या तसा होता. कंपनीने दोष मान्य केला, नवं फर्मवेअर आणि डेटा काढून देण्याची सोयही जाहीर केली. ज्यांनी तोवर घाईने काही केलं नव्हतं त्यांचंच भलं झालं.

डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळा महाग असतात, काही जण अडलेल्या माणसाला लुबाडतात, हे आरोप मी नाकारत नाही. दर आधी न सांगणारे, डेटा मिळणार की नाही हे न बघता आगाऊ रक्कम मागणारे लोक या धंद्यात आहेत. पण त्या भीतीने डिस्क आधी कोपऱ्यावर देऊन ‘नाहीच जमलं तर मोठ्या ठिकाणी नेऊ’ म्हणणं उलट महागात पडतं. त्या मधल्या टप्प्यावरच काम बिकट होतं आणि मोठ्या ठिकाणचा दर त्यामुळेच वाढतो. पैसे नसतील तर डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. बंद डिस्कवरचा डेटा काही महिन्यांत उडून जात नाही. पैसे जमेपर्यंत थांबणं हाही खरा पर्याय आहे, आणि तो कुणीच सुचवत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त खुपतो : ‘बॅकअप घेतला नाही ना, मग भोगा.’ बॅकअप घ्यायला हवा, दोन ठिकाणी घ्यायला हवा, हे मान्य. पण ज्याच्या वडिलांचा आवाज त्या एकाच डिस्कवर आहे त्याला त्या क्षणी हे ऐकवणं क्रूरपणा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्याही चूक आहे. खजील झालेला माणूस घाई करतो, काय काय करून पाहिलं ते लपवतो. आणि पुढे काम करणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते : डिस्क पडली होती का, आवाज कधीपासून येतोय, कुठलं सॉफ्टवेअर चालवलं, चेकडिस्क किती टक्क्यांवर थांबलं. दुकानदारांकडे माझी मागणी यातूनच निघते. रिकव्हरीसाठी डिस्क घेताना पावतीवर लिहून द्या की मूळ डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही, आधी नक्कल होईल, आणि नक्कल होत नसेल तर डिस्क न उघडता परत मिळेल. परत देताना तिच्यावर आपण काय काय चालवलं तेही त्याच पावतीवर तारखेसह लिहा. ग्राहकांनी ही पावती मागावी, आणि जो द्यायला तयार नसेल त्याच्या टेबलावर डिस्क ठेवू नये.